चीन बंद असतो तेव्हा

फेब्रुवारीत एक दिवस असा येतो की माझ्या टेबलावरचा आवाज एकदम थांबतो. जासईला गोदामांच्या रांगेत आमचं ऑफिस आहे. जहाजाने येणाऱ्या मालाची कागदपत्रं करायचं काम. माझ्याकडे दक्षिण चीन. नान्शा, शेकोऊ, हुआंगपू ही बंदरांची नावं बोटांना इतकी पाठ झालीत की झोपेतही टाइप होतील. डिसेंबर-जानेवारीत तिकडच्या कारखानदारांना घाई सुटते. त्यांचं नवं वर्ष लागायच्या आत सगळा माल जहाजावर चढवायचा असतो, आणि त्यांची ती घाई ईमेलातून येऊन माझ्या मानेवर बसते. मग त्यांची सुट्टी लागते. यार्डातल्या कंटेनरच्या थप्प्या काही लगेच बुटक्या होत नाहीत, निघालेली जहाजं अजून वाटेत असतात. तिथली शांतता दोन-तीन आठवड्यांनी येते. माझी मात्र त्याच सकाळी येते, आणि मी चहा गरम असताना पिऊ शकतो.

यंदाही ती आली. पण आता शांतता आली की बरं वाटण्याआधी थकवा जाणवतो. वर्षभर उभं राहिलेल्या माणसाला खुर्ची दिली की पाय जास्त दुखायला लागतात, तसं काहीतरी. ऑफिसच्या फाटकाशी आंब्याचं एक झाड आहे, ट्रेलरच्या धुळीने पार करडं झालेलं. तरी त्याला मोहोर येतोच. मी त्याच्याखाली उभा राहून उगाच वर बघतो, आणि मला तो एक हिवाळा आठवतो. चीनला जायचं ठरवण्यातच गेला तो.

जगात आजार यायच्या आधीचा हिवाळा. दिवाळीचा फराळ संपत आला होता. शैला, माझी बायको, मोबाइलवर काहीतरी बघत बसली होती. बघता बघता म्हणाली, "अहो, हे तर आपलं पातोळ्यांचंच पीठ." पडद्यावर ग्वांगझूमधली एक बाई तांदळाचं पातळ पीठ ताटलीत ओतून वाफेवर ठेवत होती. वाफ उतरली, तिने उलथन्याने ते गुंडाळलं, वर काळसर रस्सा घातला आणि कुणा घाईतल्या गिऱ्हाइकाच्या पुढ्यात सरकवलं. शैलाने ते पुन्हा लावलं. मग आणखी एक, मग कोळंबीचे ते इवलेसे मोदक, ज्यांची पारी इतकी पातळ की आतला गुलाबी रंग दिसतो. मोदकाच्या पारीवरून आमच्या घरात माणसांची पारख होते, त्यामुळे शैला त्या चिनी बाईच्या बोटांकडे ज्या नजरेने बघत होती ती मला ओळखीची होती.

तोवर आमचं चायनीज म्हणजे उरण नाक्यावरच्या गाडीवरची लालभडक मांचुरी. तिला शैला औषध म्हणायची, कारण ती खाल्ली की सर्दी सुटते. आणि इकडे ही ग्वांगझूकडची माणसं सकाळी उठून चहाला बसतात, चहाबरोबर वाफेवरच्या वीस तऱ्हा मागवतात, पेपर वाचतात, गप्पा मारतात आणि दुपारपर्यंत उठत नाहीत. तिखट नाही, मसाला नाही. मासा ताजा आहे, मग त्याला आणखी काय हवं, अशी वृत्ती. शैला समुद्रकाठच्या रेवदंड्याची. तिला हे इतकं पटलं की जणू माहेरचं कोणी भेटलं.

तिने घरी करून बघितलं. मोदकपात्र काही तिने काढलं नाही. त्यात बाप्पाचे मोदक होतात, त्यात कोळंबी कशी शिजवायची? इडलीपात्रात केले, तर वाफेचं पाणी गळून पारी चिकट झाली. "बांबूच्या पेट्या लागतात," ती म्हणाली, "बांबू पाणी पितो." तेव्हापासून खरेदीत पहिलं नाव बांबूच्या पेट्यांचं आलं. मग मातीचं भांडं. मग वर्षानुवर्षं वाळवून ठेवलेली संत्र्याची साल, जी जितकी जुनी तितकी चांगली. मी म्हटलं, आपण इतक्या लांब जाऊन साल आणायची? ती म्हणाली, तुम्ही आयुष्यभर तिथून नळ आणि टाइल्स आणल्यात, त्यापेक्षा साल बरी.

ते खरंच होतं. फोशानच्या टाइल्स, तिथलं फर्निचर, झोंगशानचे दिवे, सगळं माझ्या हाताखालून गेलंय, पण बंद पेटीत. कागदावर वजन असतं, नग असतात, मालाचं नाव असतं. ज्या गल्लीत ती पेटी भरली गेली तिथे पहाटे कसला वास येतो हे कागदावर नसतं. आमच्याकडे पहाटे वारा तळोज्याच्या कारखान्यांकडून आला की माणूस खिडकी लावून घेतो. तिकडेही कारखानेच कारखाने. तिथलेही लोक खिडकी लावून घेत असतील का, असं मला कधी कधी वाटायचं. इतकी वर्षं ज्यांच्याशी बोललो त्यांच्या खिडकीबद्दल आपल्याला काही माहीत नाही, याचं त्या हिवाळ्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

हे सगळं हौसेचं होतं. त्याची निकड झाली ती डॉक्टरांकडे गेल्यावर. शैलाचे गुडघे बरीच वर्षं कुरकुरत होते. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, आम्हालाही दाखवला. आम्हाला त्यात काय कळणार? "दोन्ही बदलावे लागतील," ते म्हणाले, "किती ढकलायचं ते तुम्ही ठरवा." येताना पनवेलच्या वडाळे तळ्याच्या काठी ती बाकावर बसली. तळ्याभोवती संध्याकाळची माणसं चालत होती, काही रमतगमत, काही हात हलवत जोरात. ती त्यांच्या पायांकडे बघत होती.

"ऑपरेशन करीन," ती म्हणाली. "पण त्याआधी एकदा लांब जायचंय. बाजारात हिंडायचंय, जिने चढायचेत. नंतर चालेन मी, नाही असं नाही. पण ते नवे पाय असतील. हे माझे आहेत तोवर जाऊन येऊ."

तिने आजवर काही मागितलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिने पुष्कळ मागितलंय आणि मी पुष्कळदा ऐकलं नाही. पण हे मागणं वेगळं होतं. मी तिथेच हो म्हटलं.

मग रजेचा प्रश्न. आमच्या धंद्यात रजा एकदाच मिळते, चीन बंद असतो तेव्हा. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "चिनी न्यू इयरला घ्या, तेव्हा तसंही काही नसतं." मी खूश. घरी येऊन कॅलेंडरवर खुणा केल्या. संध्याकाळी जेवण झालं की आम्ही दोघं टेबलावर नकाशा पसरून बसायचो. सकाळचा चहा ग्वांगझूत. फोशानला मातीची भांडी, तिथलीच ती सिंहाची नाचणारी सोंगं. एखाद्या संध्याकाळी त्यांचं नाटक, ज्यात रंगवलेल्या चेहऱ्यांच्या बायका उंच आवाजात गातात. शुंदेला म्हशीच्या दुधाचा एक पदार्थ मिळतो, वाटीत घट्ट साय धरलेला. शैलाने फोटो बघून तो खरवसाचा चुलतभाऊ ठरवून टाकला. जिथे जिने आहेत तिथे दुपारी आराम, असंही मी हळूच धरलं होतं. ते तिला कळलं आणि तिने आराम खोडून तिथे मासळी बाजार टाकला. डिसेंबरभर हे चाललं. ऑफिसात माझा जीव जायचा, डोळे चुरचुरायचे, पण घरी आलो की पुन्हा तोच नकाशा. थकवा तेव्हाही होता, फक्त त्याला पुढे एक दार होतं.

तिकडे माझ्या ओळखीचं माणूस एकच, मिस लिआंग. ग्वांगझूच्या एका माल पाठवणाऱ्या कंपनीत माझ्यासारखंच काम करणारी. आम्ही एकमेकांना कधी बघितलेलं नाही. तिची पत्रं "प्रिय सर, शुभ दिवस" अशी सुरू होतात, मग ती सरळ कंटेनरच्या नंबरावर येते. शैला तिला 'तुमची लिआंग' म्हणते. मी उशिरा आलो की, "आज तुमच्या लिआंगने सोडलं नाही वाटतं." जानेवारीत मी तिला भीत भीत कळवलं की आम्ही येतोय, अमुक अमुक तारखांना, काय काय बघावं ते सांगा.

तिचं उत्तर आलं ते मी दोनदा वाचलं. प्रिय सर, शुभ दिवस. तुम्ही येणार याचा फार आनंद झाला. पण त्या दिवसांत इथे कोणीच नसेल. घाऊक बाजार बंद असतात, गल्लीतली छोटी हॉटेलं बंद असतात, स्वयंपाकी गावाला जातात. मीसुद्धा गावाला जाते.

माझ्या समोर बसणारा हरेश जासईचाच. त्याने माझा चेहरा बघून विचारलं, काय झालं. मी सांगितलं. तो टेबलावर डोकं टेकवून हसत राहिला. "सायेब, चायना बंद हाय म्हनून तं तुमाला रजा भेटली," तो म्हणाला. "आन तुमी तितंच चाल्लाव."

दरवर्षी त्यांच्या सुट्टीच्या तारखा गिऱ्हाइकांना मीच कळवतो. मलाच ते दिसलं नाही. साहेबांना दिसलं नाही, नकाशावर बोट फिरवणाऱ्या शैलालाही दिसलं नाही. आमच्या लेखी चीनची सुट्टी म्हणजे आमची सुट्टी. तिकडे त्या दिवशी माणसं काय करतात हा विचारच कधी डोक्यात आला नव्हता. घरी सांगितल्यावर शैला आधी हसली. मग गुडघ्यावर हात फिरवत बसली. त्या हसण्यापेक्षा तो गुडघ्यावरचा हात मला जास्त आठवतो.

दुसऱ्या दिवशी लिआंगचं आणखी एक पत्र आलं. तिने रात्रभर विचार केला असावा. तिने लिहिलं होतं: सर, तुम्ही आणि मॅडम माझ्या गावी या. शुंदेजवळ आहे. माझी आई स्वयंपाक करील, बाजारात मिळत नाही असं खायला मिळेल. मी वर्षातून एकदाच घरी जाते, तेव्हा आई फार करते. खूप माणसं असतील, अजून दोन असली तर तिला आवडेल.

मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. हॉटेलात काय खायचं, घरचं खायला मिळतंय. मी तसाच उड्या मारत घरी गेलो, म्हणजे माझ्या वयाला जितक्या जमतील तितक्या. शैलाने पत्र माझ्याकडून मराठीत समजून घेतलं. 'वर्षातून एकदाच' हे तिने पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "नको."

"अगं, ती स्वतः बोलावतेय."

"बोलावणारच. आपणही बोलावतो." ती शेंगा निवडत होती, हात थांबले नाहीत. "अहो, पोरगी वर्षातून एकदा आईकडे जाते. पाय पसरून पडेल, आईशी बोलेल, आयतं खाईल. आपण दोघं जाऊन तिथे बसायचं आणि तिला दुभाषी करायचं? आई काय म्हणाली ते आम्हाला सांग, आम्ही काय म्हणालो ते आईला सांग. तिचं माहेरपण आपल्या सरबराईत जाईल."

मी चिडलो. म्हटलं, तुझे गुडघे काय तिच्या माहेरपणासाठी थांबणार आहेत? ती म्हणाली, गुडघे माझे आहेत, मी बघीन. शैलाची आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. रेवदंड्याचं घर आहे, भाऊ आहे, भावजय चांगली आहे. तरी तिथे गेली की ही लगेच स्वयंपाकघरात शिरते आणि पदर खोचते. आई होती तेव्हा दुपारचे चार वाजले तरी ही तिथे अंथरुणावरून उठत नसे. हे मला माहीत होतं, म्हणून मी पुढे भांडलो नाही. पण राग गेला नाही. आपल्या बायकोचा मोठेपणा आपल्यालाच भोवतो तेव्हा त्याचं कौतुक करायला वेळ लागतो.

तिने सांगितलं तसं मी लिहिलं. आभार, पुढच्या वर्षी नक्की, आईच्या हातचं खा आणि भरपूर झोप. 'भरपूर झोप' हे ऑफिसच्या इंग्रजीत कसं लिहायचं ते मला बराच वेळ सुचेना.

रजा मंजूर झालेलीच होती. साहेबांनी ती परत घेऊ नये म्हणून मी घरीच बसलो. चीन बंद, मी पनवेलला. एका दुपारी हरेशचा फोन आला. "चायना नाय तं जासई तरी या. पोपटी लावतूय." त्याच्या शेताच्या तुकड्यावर मडकं तयार होतं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडीचे तुकडे, वर पुन्हा पाला दाबून मडकं उलटं केलेलं, भोवती पेंढ्याचा जाळ. पलीकडे यार्डाच्या भिंतीमागून कंटेनर डोकावत होते, आणि अलीकडे हा धूर, उजेड अजून शिल्लक. शैला चप्पल काढून बांधावरून चालत गेली, शेवटापर्यंत, आणि तशीच परत आली. तिला दुखत होतं हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं. मी हात द्यायला उठलो, तर तिने मानेनेच बस म्हटलं.

मडकं फोडलं तेव्हा तो वास आला. पाण्याचा थेंब न घालता, शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर शिजलेलं सगळं. शैलाने एक शेंग सोलून तोंडात टाकली आणि म्हणाली, लिआंगच्या आईला हे आवडलं असतं. त्या क्षणी माझा राग गेला असावा. निदान नंतर तो मला सापडला नाही.

सुट्टी संपल्यावर लिआंगने फोटो पाठवला होता. गोल टेबल, भोवती पुष्कळ माणसं, मधे वाफवलेला अख्खा मासा, वर आल्याचे धागे आणि कांद्याची पात. आई कॅमेऱ्याकडे न बघता माशाकडे बघतेय. लिआंग कोणती ते तिने लिहिलं नव्हतं. शैलाने फोटो बोटांनी मोठा केला, एका जाड भिंगाच्या चष्मेवालीवर थांबली आणि म्हणाली, "हीच. बघा, हिच्याच ताटात सगळ्यात जास्त वाढलंय."

पुढच्या वर्षी आम्ही सणाच्या बऱ्याच नंतरच्या तारखा धरणार होतो. साहेबांशी त्यासाठी मी भांडूनही ठेवलं होतं. शैलाने ऑपरेशन एक वर्ष पुढे ढकललं. आणि तो हिवाळा आला तोच आजार घेऊन. मग दारं बंद झाली, आमचीही आणि त्यांचीही. ती उघडेपर्यंत तिचा एक गुडघा पार गेला होता. तो बदलला, त्यात जंतुसंसर्ग झाला, पुन्हा उघडावा लागला. दुसऱ्याला आता डॉक्टर हात लावत नाहीत, तिची शुगर आणि बाकीचं बघता नकोच म्हणतात. घरातल्या घरात ती चार पायांच्या काठीने चालते. बाजारहाट मी करतो, आणि मी आणलेल्या कोळंबीला ती रोज नावं ठेवते.

आता व्हिसा मिळायला लागलाय. नवा विमानतळ तर आमच्या उशाशीच आला. दुपारी पडलं की डोक्यावरून विमान जातं, आणि शैला डोळे मिटूनच म्हणते, "गेलं बघा." एवढंच. मला ते ऐकवत नाही, पण तिला तसं सांगताही येत नाही. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. रजा मागायची गरज उरणार नाही, हा विनोद मी तिला एकदाच सांगितला.

या आठवड्यात लिआंगचं सुट्टीपूर्वीचं शेवटचं पत्र आलं. प्रिय सर, शुभ दिवस, अमुक तारखेपासून ऑफिस बंद. खाली आणखी चार ओळी होत्या. तिची आई पावसाळा संपता संपता गेली. गावचं घर भावाने बंद केलंय. यंदा ती सुट्टीभर शहरातच असेल. तुम्ही आणि मॅडम एकदा येणार होता, सर. आता या, मला वेळ आहे.

संध्याकाळी मी शैलाला ते वाचून दाखवलं. ती खुर्चीत बसून वाल सोलत होती. मी आधी आई गेल्याचं सांगितलं, मग आमंत्रण. मग माझं मलाच थांबवेना. म्हटलं, व्हीलचेअर मिळते, विमानात मिळते, विमानतळावर मिळते, तिकडे रस्ते सपाट आहेत. मी ढकलीन. बाजारात जाऊ, चहाला बसू, तिथे तर बसूनच खायचं असतं. एवढं एका दमात बोललो आणि दमलो. तिला नेता आलं नाही हे माझ्या छातीत इतकी वर्षं बसलंय. ते एका पत्राने उठेल असं मला वाटत होतं.

शैलाने ऐकून घेतलं. सोललेल्या डाळिंब्या वाटीत टाकल्या, सालं पेपरावर सरकवली.

"आई गेल्यावरचा पहिला सण," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो.

"माझं राहू दे आता. पण तिला विचारा, सुट्टीत ती जेवणार कुठे? तिथे तर सगळं बंद असतं ना?"

मी लिआंगला लिहायला मोबाइल घेऊन बसलो, तर तिने काठी जवळ ओढली, उठली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, मी काय लिहितोय ते बघायला. तिला इंग्रजी फारसं येत नाही.

"ऑफिससारखं नका लिहू," ती म्हणाली. "शैला विचारतेय म्हणून लिहा."